तालुक्यातल्या जुन्या ‘प्रदर्शन हॉल’चा इतिहास: कुणाला काही सांगता येईल का?

माणगंगाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण नीट सांगते.

आमच्या तालुक्याच्या गावी, माणदेशात, बैलबाजाराच्या पटांगणाला लागून एक लांबट दगडी हॉल आहे. कागदोपत्री त्याचं नाव काही का असेना, गावात सगळे त्याला नुसतं ‘प्रदर्शन’ म्हणतात. ‘प्रदर्शनापाशी उतरायचंय’ म्हटलं की एसटीचा कंडक्टर बरोबर तिथे घंटी मारतो. वर लोखंडी कैच्या आणि सिमेंटचे पत्रे, खाली शहाबादी फरशी. एका लांब भिंतीला कमरेएवढे ओटे, आणि समोरच्या भिंतीत ओळीने लोखंडी कड्या. कड्या इतक्या खाली आहेत की लहानपणी आम्ही त्यांत पाय अडकवून बसायचो. दारावरच्या दगडी पाटीवर ‘शेतकी व जनावरांचे प्रदर्शन’ एवढंच आता वाचता येतं. सालाच्या जागेवरची खपली निघून गेली आहे.

मला कळायला लागल्यापासून तिथे खताची पोती बघितली, निवडणुकीच्या पेट्या बघितल्या, माझ्या मामेबहिणीचं लग्नही तिथेच लागलं. प्रदर्शन मात्र कधी बघितलं नाही. आता दुरुस्ती ठरली आहे आणि मी हायस्कूलला इतिहास शिकवते म्हणून दर्शनी भागातल्या फलकाचा मजकूर माझ्याकडे आला आहे. तीनशे शब्द, आणि मुदत महिनाभराची.

मला पडलेले प्रश्न असे. वर्षातून चार-पाच दिवस चालणाऱ्या गोष्टीसाठी पक्की इमारत का बांधली असेल? कड्या एवढ्या खाली का? आणि ही प्रदर्शनांची पद्धत आपल्याकडे आली कुठून?

एक घरगुती प्रश्नही आहे. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक प्रशस्तिपत्र सापडलं. पिवळं पडलंय, घडीवर फाटलंय. त्यावर हाताने लिहिलंय: ‘खिल्लार खोंड, आदत, पहिला नंबर’. आदत म्हणजे काय? घरात सांगू शकेल असं आता कुणी उरलं नाही.

जुने_दप्तर

ताई, इमारतीचं साल पाटीवर नसलं तरी कागदावर असणार. मी जन्मभर दप्तर सांभाळलं, त्यावरून शोधायचा क्रम सांगतो.

आधी जागेचा सातबारा आणि जुने फेरफार काढा. जमीन कुणाच्या नावे होती ते कळलं की पुढचं दार उघडतं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला अस्तित्वात आल्या. त्याआधी हे काम जिल्हा लोकल बोर्डाकडे असे. म्हणून फेरफारात ‘लोकल बोर्ड’ दिसलं तर इमारत किंवा निदान जागा त्या काळातली धरा. बाजार समितीचं नाव असेल तर कायद्याचं साल बघा. मुंबई इलाख्याचा शेतमाल बाजारांचा कायदा १९३९ चा, आणि महाराष्ट्राचा सध्याचा १९६३ चा.

मग बांधकाम विभागात मोजमाप पुस्तक मागा, तिथले लोक त्याला एम.बी. म्हणतात. दगड किती ब्रास, कैच्या किती, पत्रे किती, सगळं त्यात असतं. ‘कड्या लोखंडी, नग अमुक’ अशी ओळसुद्धा मिळेल. सभेच्या इतिवृत्ताच्या वह्या वाळवीने खाल्ल्या नसतील तर इमारत का बांधली तेही त्यात मिळेल.

आणि जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर वाचा. सोलापूरचं १८८४ चं, साताऱ्याचं १८८५ चं. त्यांत जनावरं, अवजारं, आठवडे बाजार, यात्रा यांची वेगवेगळी टिपणं आहेत. हॉल तेव्हा नसेल, पण ज्या पटांगणावर तो उभा राहिला त्याची गोष्ट तिथून सुरू होते.

जुना_पंच

ताई, मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो. नोकरीत असताना आणि नंतरही माणदेशातल्या कितीतरी प्रदर्शनांत पंच म्हणून बसलो. तुम्ही म्हणता तसा हॉल मी आतून पाहिला आहे, तुमचा की शेजारच्या तालुक्याचा ते विचारत नाही. बांधणी एकाच साच्याची असे.

कड्यांपासून सुरुवात करतो. जनावर रात्रभर मुक्कामी असतं, उठतं, बसतं. दावं उंच बांधलं आणि जनावर बसलं की मानेला फास बसतो. आखूड बांधलं तर ते बसतच नाही, रात्रभर उभं राहून सकाळी पंचांसमोर लंगडतं. कडी जमिनीपासून फूट-दीड फुटावर असली की दावं मोकळं राहतं आणि पायात गुंतण्याइतकं लांबही ठेवावं लागत नाही. ज्याने त्या कड्या बसवल्या त्याच्या घरी गोठा होता, एवढं मी खात्रीने सांगतो.

आता ‘आदत’. गाई-बैलांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. वर नुसती कडक हिरडी. आठही दात दुधाचे असेपर्यंत जनावर आदत. दोन ते अडीच वर्षांच्या सुमाराला मधली जोडी पडून पक्के दात येतात, मग ते दोनदाती. पुढे चार, सहा, आणि आठही पक्के आले की ‘जुळला’ म्हणायचं. जुळायला साडेचार-पाच वर्षं लागतात. म्हणजे तुमच्या आजोबांचं खोंड फार तर अडीच वर्षांचं होतं.

आणि ताई, आदत गट हा पंचाच्या कसोटीचा गट. जुळलेला बैल समोर असतो तसा असतो. आदत खोंडात जे अजून आलेलं नाही ते बघावं लागतं. शिंगं कुठे वळणार, वशिंड कसं भरणार, खांदा पुढे औताला उतरेल का. आम्ही त्याला आधी लांबून चालवत आणायला सांगायचो. मागचा पाय पुढच्या पायाच्या खुरावर पडतो का ते बघायचं. मग जवळ जाऊन कातडी चिमटीत धरायची, खिल्लाराची कातडी पातळ आणि अंगालगत हवी. खुरं काळी, घट्ट मिटलेली. तोंड लांब, कपाळावर मधोमध पन्हळ. सगळ्यात शेवटी ओठ उलटून दात. काही पंच दात आधी बघायचे. माझ्या मते ते चूक, कारण वय आधी कळलं की नजर बिघडते.

या गटात पहिला नंबर म्हणजे तुमच्या आजोबांनी ते खोंड नुसतं सांभाळलं नव्हतं, गाय आणि वळू दोन्ही पारखून घेतले होते. प्रशस्तिपत्र फ्रेम करा. घडीवर चिकटपट्टी मात्र लावू नका, कागद करपतो.

पद्धत कुठून आली? विलायतेतली शेतकी प्रदर्शनं बघून सरकारने आणली असं सांगतात, ते खरं आहे. पण आपल्या बाजूने मागणी कुणी केली हे तुमच्या फलकावर यायला हवं. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याच्या शेवटच्या भागात उपाय सांगितले आहेत. दरवर्षी श्रावणात जनावरांची प्रदर्शनं भरवा, आश्विनात पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्या, चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसं द्या. औत हाकण्याची परीक्षा! शेतकऱ्याच्या हातात विद्या आहे आणि तिला नंबर मिळाला पाहिजे, असा त्याचा अर्थ. मी नोकरीला लागल्यावर हे पहिल्यांदा वाचलं आणि आपण करतो ते काम कुणी मागून घेतलेलं आहे हे कळलं.

श्रावण मात्र आमच्या भागात जमला नाही. श्रावणात इथे पावसाचीच वाट बघतात, जनावर अंगाने भरलेलं नसतं. आपल्याकडे जनावरांचा मेळा आधीपासून यात्रेला जोडलेला होता. खरसुंडी, म्हसवड, पंढरपूरची कार्तिकी. आटपाडी महालातलं खिल्लार आणि म्हसवडचं खिल्लार एका दाव्यापाशी उभं राहायचं ते यात्रेत, त्यामुळे पारख करणारी माणसंही तिथेच तयार झाली. सरकारी प्रदर्शन पुढे या यात्रांच्या आधाराने उभं राहिलं, तारखाही बहुतेक यात्रेच्याच घेतल्या.

मग हॉल कशाला? जनावर उघड्यावर राहतं हो. पण थंडीच्या रात्री दहिवर पडतं आणि कणसं, कापूस, गूळ, हळद यांचे नमुने भिजतात. तुमच्याकडचे ओटे त्या नमुन्यांसाठी. छप्पर उंच ठेवायचं कारण ऊस. ऊस मुळासकट, वाढ्यासकट उभा करून दाखवायचा असे. आणि गाभण गाई, लहान वासरं रात्री आत घेत, म्हणून एका भिंतीला कड्या. म्हणजे अर्धा हॉल पिकांचा, अर्धा जनावरांचा, मधून माणसांची वाट. तुमचा नकाशा तसाच निघेल.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

एका वर्षी दुभत्या खिल्लार गाईंच्या गटात एक काजळी गाय आली. पायाशी वासरू. दावं एका बाईच्या हातात. इतर गाई चार माणसांना आवरत नव्हत्या. ही गाय बाईने मानेला नुसता हात लावला की उभी राहायची. कास बघायला मी खाली बसलो तर बाई म्हणाल्या, डाव्या अंगानं बसा, उजव्या अंगाला ती पाय झाडते. मी डावीकडे बसलो. कास मऊ, चारही सड सारखे, वासराच्या अंगावर चकाकी. तिघा पंचांचं एकमत झालं, पहिला नंबर.

संध्याकाळी बक्षीस समारंभ. नोंदवही माझ्या हातात. सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून प्रवेश अर्ज नवऱ्याच्या नावाने, म्हणून मी पुकारलं ते नवऱ्याचं नाव. तो गावी होता, आलाच नव्हता. गर्दीतून कुणीतरी चुलता पुढे आला, पितळी तांब्या आणि प्रशस्तिपत्र घेऊन गेला, टाळ्या झाल्या. बाई कड्यांच्या भिंतीपाशी गाईचं दावं धरून उभ्या होत्या. मला दिसत होत्या. मी दुसरं नाव पुकारलं.

हे मी कुणावर ढकलत नाही. अर्जाचा नमुना तसा होता हे खरं, पण माईक माझ्या हातात होता. त्या बाईंचं नाव मी विचारलंसुद्धा नाही. नंतरच्या वर्षांपासून मी नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात ‘जनावर आणणार’ असं लिहून त्यापुढे नाव घालायला लागलो. रकाना छापलेला नव्हता, मी पेनाने आखायचो.

म्हणून ताई, नोंदवह्या मिळाल्या तर नुसती बक्षिसांची यादी उतरवू नका, शेऱ्याचा रकाना वाचा. जुन्या प्रदर्शनात शेतकरी मांडणारा होता. कड्यांपाशी तो होता, ओट्यांवर त्याचा माल होता, अधिकारी फिरून बघत होते. आताच्या मांडवांत कंपन्या मांडतात आणि शेतकरी पिशवी घेऊन फिरतो. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट या ब्रिटिश राजपुत्रासाठी मेजवानी होती. तिथे फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि दागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांकडे बघून हा देश समजू नका असं सांगून आले. इमारतीत कोण उभं राहतं यावरून ती कुणाची हे ठरतं, असं मला वाटतं. तुमच्या हॉलमध्ये शेतकरी उभा राहत होता.

मालदांडी

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या बाईंचा प्रसंग वाचून आईची आठवण आली. त्याबद्दल सांगते, आणि एका मुद्द्यावर तुमच्याशी भांडतेही.

आधी आई. आमच्याकडे जोंधळा, मालदांडीचा. मोहोळच्या केंद्रावर निवडून काढलेली मालदांडी ३५-१ आमच्या भागात घरोघर होती. प्रदर्शनाला कणसं पाठवायची असली की वडील अर्ज भरायचे, कणसं आई काढायची. काढणीच्या आधी आठवडाभर ती एकटीच रानात फिरायची. जे कणीस भरदार आहे पण ताटाला वाकवत नाही, त्याला लाल चिंधी बांधून यायची. काढणी झाली की चिंधीवालीच कणसं वेगळी. त्यांतली बरीच बियाण्याला, तुळईला उलटी टांगलेली, आणि निवडक प्रदर्शनाला. म्हणजे ओट्यावर जे मांडलं जायचं ते पुढच्या वर्षीचं बियाणंच असायचं. प्रदर्शन आटोपलं की आई ती कणसं परत मागून घ्यायची. एका वर्षी कुणीतरी ती हॉलमध्ये शोभेला टांगून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी जाऊन उतरवून आणली.

माणगंगाताई, फलकात १९७२ विसरू नका. त्या दुष्काळात अशा कितीतरी इमारतींची गोदामं झाली. आमच्या तालुक्याच्या हॉलमध्ये लाल मिलोची पोती रचलेली होती आणि दारात सुकडी वाटत होते. ज्या ओट्यांवर आईची कणसं असायची, त्यांवर परदेशातून आलेला जोंधळा. आई शेवटपर्यंत त्या हॉलला ‘मिलोचं’ म्हणायची.

आता भांडण. काका, कंपन्यांचे मांडव आले म्हणजे शेतकरी नुसता बघ्या झाला, हे मला पूर्ण पटत नाही. बघून विश्वास बसणं हेही प्रदर्शनाचंच काम. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून लोक घेत नव्हते. ती भीती जाहिरातीने गेली नाही, रानात तास पडलेला बघून गेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी किंग एडवर्ड शेतकी संस्था काढली तीही शेतकऱ्याला नवी साधनं आणि पद्धती कळाव्यात म्हणूनच. पुण्यात १९९३ पासून मोठं किसान प्रदर्शन भरतं. माझा भाऊ पुढे एका वर्षी त्यासाठी पुण्याजवळ मोशीला जाऊन ठिबकच्या नळ्या हातात धरून बघून आला, तोटी दाबून थेंब मोजून आला. घरी येऊन एक एकर डाळिंबाला ठिबक केलं. त्याला ते कुणी कागदावर पटवू शकलं नसतं.

पण एक कबूल करते. भाऊ तिथे गेला तेव्हा आमचं डाळिंब बरोबर न्यावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. आई असती तर तिने पिशवीत चार घातली असती.

जुना_पंच

मालदांडीताई, भांडण मान्य. ठिबकचं उदाहरण बरोबर आहे, मी तो भाग कमी लेखला. आमच्या खात्याने संकरित गाई दाखवल्या त्याही अशाच मांडवांत, आणि दूध वाढलं हे मी डोळ्यांनी पाहिलं. खिल्लार मागे पडलं त्याला ट्रॅक्टरही कारण आणि आम्हीही कारण. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पीमुळे जनावरांचे बाजार आणि प्रदर्शनं बंद झाली तेव्हा घरी बसून याच गोष्टीचा विचार करत होतो.

मात्र तुमच्या आईंच्या लाल चिंधीसारखी गोष्ट कुठल्याही मांडवात मला दिसलेली नाही. माणगंगाताई, तीनशे शब्दांत ती चिंधी बसवा.

माणगंगाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण कागदांच्या मागे होते.

जुने_दप्तर यांनी सांगितलं तसा फेरफार काढला, त्यात लोकल बोर्डाचं नाव निघालं. म्हणजे किमान जागा तरी १९६२ च्या आधीची. मोजमाप पुस्तक अजून मिळालेलं नाही, पण बांधकाम विभागातले एक भाऊसाहेब शोधतायत.

बाजार समितीच्या माळ्यावर पाच नोंदवह्या सापडल्या. काका, त्यांतल्या दोन वह्यांत उजव्या कडेला पेनाने आखलेला एक रकाना आहे. निळी शाई, रेघ थोडी तिरकी. वर लिहिलंय ‘ज. आणणार’. त्याखाली बरीच नावं बायकांची आहेत, काही ठिकाणी नुसतं ‘मुलगा, वय १२’. हे अक्षर तुमचं आहे का ते मी विचारणार नाही, तालुका कोणता ते तुम्हीही विचारलं नव्हतं. आजोबांची नोंद या वह्यांत नाही, ती आधीची असणार.

फलकाचा मसुदा नव्याने लिहिते आहे. एक अडचण आहे. ठेकेदार म्हणतो कड्या गंजल्यात, भिंतीला गिलावा करताना काढून टाकतो. मला त्या ठेवायच्या आहेत. काय सांगू त्याला?

जुना_पंच

अक्षर माझंच असेल. रेघ तिरकी यायची, पट्टी नसायची.

ठेकेदाराला सांगा, कडी भिंतीत नुसती ठोकलेली नसते. तिचा दांडा दगडाच्या सांध्यात आत गेलेला असतो आणि आतल्या टोकाला मुरड असते. ओढून काढायला गेला तर दगड हलेल आणि त्याचंच काम वाढेल. गंज तारेच्या ब्रशने घासून काढायचा, वर आधी लाल प्रायमर, मग काळा रंग. कडीच्या भोवती बोटभर जागा सोडून गिलावा घ्यायला सांगा, नाहीतर कडी फिरणार नाही.

त्याआधी एक काम तुम्ही स्वतः करा. मुलांना घेऊन जा आणि कड्या मोजा. प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूला दाव्याने घासून खाच पडलेली असेल, तिथे बोट फिरवून बघा. खाच खोल असेल तिथे जनावरं जास्त बांधली गेली. माझ्या आठवणीत दारापासून तिसरी-चौथी कडी लोकांना आवडायची, तिथे रात्री वारा लागत नसे. काजळी गाय तिथेच बांधली होती.